डिकराव्हाचा बोळ आणि आईचं घड्याळ

मी फोटोग्राफर नाही. टीकाकार तर त्याहून नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात तुटलेले धागे जोडतो आणि पाळीवरून आलो की कविता लिहितो. नववीनंतरचं सगळं शिक्षण रद्दीच्या दुकानात, वाचनालयात आणि अलीकडं मोबाईलवर झालं. तेव्हा या लेखात सौंदर्यशास्त्राचे दाखले सापडले नाहीत म्हणून कुणी मला माफ करू नये, पण लेख पुरता वाचावा.

आणखी एक अडचण. ज्या फोटोंबद्दल बोलायचंय ते इथं दाखवता येत नाहीत. आपल्या स्टेन्सिलवर अक्षर उमटतं, फोटोचा नुसता काळा डाग पडतो. म्हणजे फोटो शब्दांतच दाखवावे लागणार.

आधी घड्याळाची गोष्ट सांगतो, कारण माझं डोकं तिथून फिरलं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी आमच्या वस्तीत सात-आठ जण गळ्यात मोठाले कॅमेरे अडकवून आले. माणसं वाईट नव्हती. बूट चिखलात भरले तरी कुरकुरली नाहीत. पोरांना चॉकलेटं वाटली. त्यातल्या एकानं आईचा फोटो घेतला. आई मामाच्या पोरीच्या लग्नाला निघालेली, अंगावर ठेवणीतलं लुगडं. बदली कामगाराचा कायम झालो तेव्हा पहिल्या पगारातून मी तिला मनगटी घड्याळ घेतलं होतं. बाजारातलंच, पण सोनेरी पट्ट्याचं. तिला वेळ बघता येत नाही. ती ते आवाज ऐकायला कानाला लावायची. तर हा गडी म्हणाला, "मावशी, जरा दारात बसा, तांदूळ निवडता तसं." आईनं नव्या लुगड्यावर सूप घेतलं आणि डावा हात मुद्दाम पुढं करून बसली. हसत होती.

दोन महिन्यांनी गावातल्या एका हॉलात प्रदर्शन लागलं. आईला घेऊन गेलो. फोटो मोठा केलेला, काळा-पांढरा. अर्धा चेहरा अंधारात, सुरकुत्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, खाली सूप. आई हसत नव्हती, म्हणजे हसायच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण उचललेला. आणि चौकट बरोबर मनगटाच्या वर कापलेली. खाली नाव, 'अंधारातलं जगणं'.

आई जवळ गेली, लांब झाली, परत जवळ गेली. म्हणाली, "आन्‌ घड्याळ कुठं गेलं रं?"

फोटो काढणारा तिथंच उभा होता. अदबीनं म्हणाला, "मावशी, घड्याळ आलं असतं तर फोटोची ताकद गेली असती."

त्याचं हे वाक्य मी तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. तो खोटं बोलला नाही. त्याच्या फोटोला घड्याळ नडत होतं. आईजवळ जे तिचं स्वतःचं होतं, ते गेल्यावरच ज्या फोटोला ताकद येते, तो फोटो कुणाचा? आईचा तर नव्हे.

मग मला रॉय डिकराव्हा भेटला. मोबाईलच्या काचेवर भेटला, त्याची मूळ प्रिंट मी कधी पाहिलेली नाही, हे आधीच कबूल करतो. दलित पँथर १९७२ साली उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव डोळ्यापुढं ठेवून. तेव्हापासून हार्लेम हा शब्द आपल्या चळवळीत परका नाही. पण हार्लेम म्हटलं की आपल्याला मूठ आठवते, मोर्चा आठवतो. डिकराव्हाच्या हार्लेममध्ये माणूस जिना चढतो. टेबलावर सॉसच्या बाटल्या असतात, शेजारी कोट पडलेला असतो.

हा माणूस १९१९ साली हार्लेममध्ये जन्मला. आई जमैकाहून आलेली, तिनं एकटीनं वाढवला. चित्रकला शिकायला कूपर युनियन या कॉलेजात गेला, तिथल्या वर्णद्वेषाला कंटाळून बाहेर पडला, मग काळ्यांच्या वस्तीतल्या कला केंद्रात शिकला. पोटासाठी जाहिरातीची चित्रं काढायचा. स्वतःचं काम म्हणून रेशमी जाळीतून शाई पाडून चित्रं छापायचा. वाचकहो, ते काम म्हणजे आपल्या स्टेन्सिलचं थोरलं भावंडच. त्या चित्रांसाठी टिपणं म्हणून त्यानं कॅमेरा घेतला आणि चित्रं मागं पडून कॅमेराच हातात राहिला.

१९५२ साली त्याला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळालेला तो पहिला काळा फोटोग्राफर. ३२०० डॉलर, म्हणजे वर्षभर नोकरीतून मोकळीक. पैशापेक्षा मला त्याचा अर्ज मोठा वाटतो. हार्लेमच्या लोकांना आतून ओळखणारा काळा माणूसच दाखवू शकेल असं मला काही दाखवायचंय, असं त्यानं त्यात म्हटलं. आणि साफ सांगितलं की मला दस्तऐवज नको, समाजशास्त्रीय विधान नको, मला सर्जनशील अभिव्यक्ती हवी.

त्या काळात काळ्या माणसाला फोटोग्राफीत जागा होती ती साक्षीदाराची. आमच्यात दुःख किती आहे ते बघा, एवढं सांगायची. डिकराव्हा म्हणतो, मी कलावंत आहे आणि हार्लेम हे माझं आतलं आयुष्य आहे. भूक लागलेल्या माणसानं जेवण नाकारावं इतकी ही अवघड गोष्ट आहे.

आता त्याचा एक फोटो. 'हॉलवे', १९५३. आपण त्याला बोळ म्हणू. भाड्याच्या घरांच्या इमारतीतला बोळ, अरुंद, माणूस एकही नाही. भिंती दोन्ही बाजूंनी जवळ आलेल्या. दिव्याचा उजेड भिंतीवरून घसरत येतो आणि मध्येच संपतो. बाकी सगळा काळोख. पण तो एकच काळोख नाही. काळा, त्याहून काळा, राखेसारखा, ओल्या दगडासारखा. लहानपणी ज्या इमारतींत तो राहिला तिथले बोळ असेच, पैसे वाचवून बांधलेले. हा फोटो बघताना मला वास आला. आमच्या चाळीच्या जिन्याचा, रॉकेलचा, ओल्या गोणपाटाचा. तिथं भीती वाटायची आणि तिथंच पहिल्यांदा बिडी ओढली. ही दोन्ही त्या फोटोत आहेत.

इथं थोडं तंत्राचं सांगतो, मी ते खटपटीनं शिकलोय. कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. अंधाऱ्या बोळापुढं धरलं तर ते म्हणतं, उजेड कमी आहे, वाढवा. वाढवला की बोळ करडा होतो, स्वच्छ होतो, सरकारी रुग्णालयाच्या बोळासारखा दिसतो. डिकराव्हानं मीटरची ही दादागिरी ऐकली नाही. फ्लॅश वापरला नाही. असेल तेवढ्या उजेडात फोटो घेतला आणि डार्करूममध्ये स्वतःच्या हातानं प्रिंट काढून अंधाराला अंधारच ठेवलं. लोक म्हणायचे फोटो फार काळे आहेत. असू देत की. डोळा त्या काळोखात थांबला की हळूहळू वस्तू दिसायला लागतात, आपण रात्री घरात शिरल्यावर दिसतात तशा.

आमच्या कवितेत अंधार म्हणजे गुलामी आणि उजेड म्हणजे क्रांती. मी स्वतः वीस वेळा लिहिलंय. पण मी तिसरी पाळी करतो. रात्रभर ट्यूबलाईटच्या पांढऱ्या उजेडात साच्यांच्या रांगांतून चालतो, हवेत कापूस उडत असतो, डोळे चुरचुरतात. सकाळी सातला सुटून घरी येतो, खिडकीला चादर लावतो आणि अंधार करतो. तो अंधार माझा आहे. मालकाचा उजेड आणि माझा अंधार, हे मला डिकराव्हा बघेपर्यंत सुचलं नव्हतं, आणि गिरणीत मी सहा वर्षं आहे.

त्याचा दुसरा एक फोटो, 'ग्रॅज्युएशन', १९४९. पांढरा लांब झगा घातलेली पोरगी एकटी चाललीय. रिकामी जागा, कचरा, भिंतीवर जाहिरात. ती उन्हातून सावलीकडं निघालीय. साध्या माहितीच्या फोटोत कचरा ठळक झाला असता, प्रचाराच्या फोटोत झगा. इथं तिनं झगा सावरलाय आणि पुढं पाय टाकलाय, बस. पुढं काय आहे ते फोटो सांगत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला राग आला होता, की हा माणूस बाजू का घेत नाही? मग कळलं, तिच्या इतक्या जवळ गेल्यावर आणखी कुठली बाजू घ्यायची राहते?

हे फोटो पुस्तक व्हायला कुणी तयार नव्हतं. मग कवी लँग्स्टन ह्यूजनं मजकूर लिहिला आणि १९५५ साली 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' आलं, लहानसं, खिशात मावेल एवढं. ह्यूजनं सिस्टर मेरी ब्रॅडली नावाची म्हातारी कल्पनेनं उभी केली. देवाची तार आली तरी ती मरायला तयार नाही, तिला अजून नातवंडांचं बघायचंय. झकास म्हातारी आहे. पण माझं मत सांगतो. म्हातारी बोलायला लागली की फोटो तिच्या गोष्टीची चित्रं होतात. वेगवेगळ्या घरांतली माणसं तिची नातेवाईक होतात. ह्यूज नसता तर पुस्तक निघालं नसतं हे खरं, आणि फोटोंचा एकांत थोडा मोडला हेही खरं.

आपल्याकडं १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना तेंडुलकरांची होती. त्यांनी धसालांबरोबर वस्तीत फिरून, शब्द विचारून लिहिली. प्रामाणिक आहे, मी नावं ठेवत नाही. पण नंतर पांढरपेशा वाचक त्या कवितेकडं गेला तो बऱ्याचदा गाईड घेऊनच. तिथली माहिती मिळाली की कविता वाचून झाली. 'विदारक वास्तव' म्हणायचं आणि प्रतिमेबद्दल, लयीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

१९६९ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं 'हार्लेम ऑन माय माइंड' नावाचं मोठं प्रदर्शन भरवलं. भिंतीभर मोठे केलेले फोटो, आवाज, माहिती. आणि हार्लेमच्या एकाही चित्रकाराचं, शिल्पकाराचं काम आत नाही! हार्लेम विषय म्हणून चालतं, कलावंत म्हणून चालत नाही. दारात काळ्या कलावंतांनी निदर्शनं केली. डिकराव्हानं त्या प्रदर्शनात भाग घेतला नाही. पण सगळं सांगायचं तर हेही सांगतो, की त्याच प्रदर्शनामुळं जेम्स व्हॅन डर झी हा ऐंशी पार केलेला स्टुडिओवाला जगाला कळला. त्याच्या स्टुडिओत हार्लेमची माणसं कोट, टोपी, फरचा झगा घालून यायची आणि ऐटीत बसायची. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. आमच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि स्टुडिओत काढलेला आजा असे तीन फोटो आहेत. आज्याच्या अंगातला कोट स्टुडिओवाल्याचा आहे. कोट काय असतो ते बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत वाढलेल्या पोराला कळतं. त्याच हिशोबानं आईनं मनगट पुढं केलं होतं.

पुराव्याचे फोटो नकोत असं मी म्हणत नाही. सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो काढले, ते बघितल्यावर जेवण जात नाही, आणि तसं व्हायलाच पाहिजे. ते काम अजून संपलेलं नाही. गॉर्डन पार्क्सनं १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये एला वॉटसन या सफाई करणाऱ्या बाईला अमेरिकेच्या झेंड्यापुढं झाडू घेऊन उभं केलं, तो फोटो जगभर गेला. पण पार्क्स तिथं थांबला नाही. तिच्या घरी गेला, तिच्या नातवंडांत, तिच्या देवळात गेला. ते फोटो कमी लोकांना माहीत आहेत. झेंडा नाही ना त्यात.

आता घरातलं भांडण. घड्याळावर मी कविता लिहिली होती. आमच्याच एका संपादक मित्राकडं पाठवली. परत आली. म्हणाला, "मित्रा, चांगली आहे, पण यात विद्रोह कुठाय?" हॉलमधला तो फोटोवाला आणि हा माझा मित्र एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण घड्याळ दोघांनाही नडलं. एकाला आई बिचारी हवी, दुसऱ्याला मूठ वळलेली. तांदूळ बाजूला ठेवून कानाशी घड्याळ धरणारी बाई कुणाच्याच कामाची नाही. मी मित्राला शिव्या दिल्या नाहीत. त्यानं अंगावर केसेस घेतल्यात, मी घेतलेल्या नाहीत. पण कविता बदलली नाही.

डिकराव्हानं जॅझवाल्यांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. त्यांचं पुस्तक १९६० च्या दशकात हातानं जुळवून ठेवलं, ते छापलं गेलं २००१ साली. तो २००९ साली गेला. एवढी वाट बघायची ताकद माझ्यात नाही, म्हणून तर हा अंक.

गेल्या महिन्यात मी मोबाईलवर आमच्या घरामागचा बोळ काढायला गेलो. पहाटेचे पाच, सुट्टीचा दिवस, टोकाला एकच दिवा. फोन हुशार. रात्र आहे म्हणून आपणहून उजेड वाढवला आणि बोळ दुपारसारखा करून दिला. गटार, पाईप, प्लास्टिक, सगळं लख्ख. अगदी त्या हॉलात लावण्यासारखा. मी काचेवर बोट दाबून उजेड खाली ओढला, आणखी खाली ओढला, फोन वर ढकलायचा, मी खाली ओढायचो. सातव्या-आठव्या वेळी जमला.

आईला दाखवला. म्हणाली, "काळंच दिसतंय समदं." मग चष्मा घातला, फोन उजेडापासून लांब धरला आणि बराच वेळ बघत बसली.

"ही आपली मोरी न्हवं? आन्‌ ह्यो तुझ्या बाचा डबा. अजून हितंच हाय व्हय."