गो आणि रे

‘अगदी बाईच वाटतो हो!’

दशावतारातल्या स्त्री-पार्टीचं एवढंच कौतुक मुंबईच्या पाहुण्यांना सुचतं. २०२५ सालचा ‘दशावतार’ चित्रपट बघून जत्रेला आलेला पाहुणा असेल तर तो हे दोनदा म्हणतो. आम्ही बँकेत चेकवरची सही नमुन्याशी ताडून बघतो ना, त्यातलाच हा प्रकार. जुळली? पास! बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) बाबतीत ही कसोटी चालून गेली. त्यांना बघून घरंदाज बायका नटायला शिकल्या. पण मालवणाकडच्या धयकाल्याला ती लावू नये.

इथे एकाच पेटाऱ्यातून राजाचा किरीट निघतो आणि राणीचा कमरपट्टाही. आधी राजाकडेच बघा. डोळ्यांत काजळ, गालांवर लाली, कानांत कुंडलं, गळ्यात माळा, खांद्यांवर भुजकीर्ती. लग्नातल्या नवरीला लाजवील एवढा ऐवज अंगावर चढवून हा गृहस्थ मिशीवर ताव देतो! आणि राणी? अंबाडा, गजरा, नऊवारी, सगळं जागच्या जागी. पण पदर सावरणारं मनगट नांगर धरणाऱ्याचं. गणपतीचा मुखवटा चढवलेल्या नटाच्या दोन्ही बाजूंना नाचणाऱ्या ऋद्धि-सिद्धींची दाढीसुद्धा संध्याकाळीच झालेली असते. (कधीकधी तीही घाईत.) हे कुणी लपवत नाही. संकासुर तर त्यावर मालवणीतून कोट्या करतो. लिहिलेली संहिता नाही, तालीम नाही. हा सगळा साज म्हणजे अंगावर घालायचं शिल्प, आणि ते घातलेलं आहे हे दिसण्यातच गंमत.

माझी तक्रार नटाबद्दल नाहीच, ‘अगदी बाईच’ म्हणणाऱ्याबद्दल आहे. कारण रात्री असं म्हणणाराच सकाळी एस्टी स्टँडवर त्या नटाला बघून शेजाऱ्याला कोपर मारतो. नक्कल म्हणून पास केलेल्या माणसाची टवाळी करायला कितीसा वेळ लागतो? आणि ती सोसायची कुणी, तर रात्रभर उभं राहून आपल्याला रडवणाऱ्याने.

पहिल्या रांगेत घोंगडी पसरून बसलेल्या म्हाताऱ्यांचं तसं नाही. हा कुणाचा झील, त्याची म्हैस कधी व्याली, सगळं त्यांना ठाऊक. तरीही तारामती रडायला लागली की एखादी पदराने डोळे पुसत म्हणते, ‘रडा नको गो माझे बाये!’ आणि पहाटे हंडी फुटल्यावर, अंबाडा काखेत मारून निघालेल्या त्याच तारामतीला तीच विचारते, ‘च्या घेतलंस रे?’