अनुशेषाची भाषा आणि मराठवाड्यातील परंपरानिष्ठ वर्चस्व

मराठवाड्याच्या मागासलेपणाची मीमांसा साधारणतः दोन अंगांनी केली जाते. एक, निजामी राजवटीचा वारसा. आणि दोन, १९६० नंतर पश्चिम महाराष्ट्राकडून झालेला अन्याय. या दोन्ही मीमांसांत तथ्य आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले तेव्हा या प्रदेशात सिंचन नगण्य होते, उच्च शिक्षण दूर हैदराबादेत व उर्दू माध्यमात होते. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने पुढे पाळली गेली नाहीत, हेही खरे. तथापि, या दोन्ही मीमांसांचे एक साम्य सहसा नजरेआड होते. दोहोंतही दोषी प्रदेशाच्या सीमेबाहेर आहे. त्यामुळे सीमेच्या आत शतकानुशतके टिकलेली परंपरानिष्ठ, सरंजामी समाजरचना चिकित्सेतून अलगद सुटते.

निजामाची सत्ता केवळ हैदराबादेतून चालत नव्हती. गावपातळीवर ती देशमुख, देशपांडे, पाटील या वतनदारांच्या आधारे उभी होती. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. व्यवस्थेचा वरचा मजला कोसळला. खालचा मजला मात्र बहुतांशी शाबूत राहिला. पुढे सहकारी कारखाने, जिल्हा बँका व शिक्षणसंस्था आल्या, तेव्हा त्यांची सूत्रे पुष्कळदा त्याच घराण्यांच्या हाती गेली. मतदार हा नागरिक होण्याऐवजी रयतच राहिला. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या प्रदेशाने राज्याला दिले. तरीही ‘आमच्यावर अन्याय झाला’ या विधानाची धार कमी झाली नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

या विधानाला शास्त्रीय रूप दिले ते वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये व मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी रुपये निश्चित करण्यात आला. रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत जिल्ह्याची तुलना राज्याच्या सरासरीशी करण्याची ही पद्धत आपल्या मर्यादेत निर्दोष होती, आणि समितीच्या कार्यकक्षेपलीकडच्या अपेक्षा तिच्यावर लादणे अन्यायाचे ठरेल. परंतु सरासरी ही मोठी सोयीची गोष्ट आहे. जिल्ह्यात कालवा आला की अनुशेष घटतो. कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात गेले, हे त्या आकड्यातून कळत नाही. नऊ क्षेत्रांत जमीन विकास होता, जमीनवाटप नव्हते. २०१३ च्या केळकर समितीने तालुका हा घटक मानून जाळे अधिक बारीक केले, तरी गावकुसाचा प्रश्न त्यातूनही निसटलाच. राज्यकर्त्या वर्गाला ही भाषा सोयीची वाटली यात नवल नाही; तिने निधी मागता येतो आणि हिशेब द्यावा लागत नाही.

प्रादेशिक अस्मितेच्या या मर्यादेची खरी कसोटी १९७४ ते १९७८ या चार वर्षांत लागली. १९७४ चे विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी पेटविले. वसमत येथे गोळीबार झाला. रेल्वे, रोजगार व सिंचन यांसाठी अवघा प्रदेश एक झाल्याचे चित्र दिसले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि ते चित्र काही तासांत विस्कटले. नांदेड, परभणी जिल्ह्यांतील खेड्यांत दलित वस्त्या जाळण्यात आल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळाली त्यांपैकी बहुतेकांचा विद्यापीठाशी संबंध आला नव्हता. राग नावावर जेवढा होता, तेवढाच गायरान कसणाऱ्यांवर, गावकीची कामे नाकारणाऱ्यांवर आणि १९५० पासून औरंगाबादेत नागसेनवनात शिकून परतलेल्या पिढीच्या ताठ मानेवर होता. अधिक क्लेशकारक बाब अशी की, मुक्तिसंग्रामात तावूनसुलाखून निघालेल्या गोविंदभाई श्रॉफ व अनंत भालेराव यांच्यासारख्या पुरोगामी धुरिणांनीही नामांतराला विरोध केला. त्यांना जातीयवादी म्हणणे उथळपणाचे होईल. प्रदेश हा एकजिनसी आहे, हे त्यांच्या राजकारणाचे गृहीतक होते आणि परंपरानिष्ठ विचारसरणी अशा गृहीतकांतूनच सर्वाधिक सुरक्षितपणे वावरते. १४ जानेवारी १९९४ रोजी जो तोडगा निघाला, त्यात ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवूनच नाव देता आले.

आर्थिक क्षेत्रात हेच सूत्र पाण्याच्या प्रश्नात दिसते. १९६५ मध्ये पायाभरणी व १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडीसाठी, २००५ च्या जलसंपत्ती कायद्याचा आधार घेऊन, नगर-नाशिककडून समन्यायी वाटा मागणे सर्वथा न्याय्य आहे. परंतु समन्यायाचे हेच तत्त्व नाथसागराच्या खाली लागू करण्याचा आग्रह कोणी धरत नाही. अवर्षणप्रवण प्रदेशात उसाचे क्षेत्र वाढत गेले, कारण कारखाना हे सत्तेचे केंद्र बनले. आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उसासाठी बीडचा मजूर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातो. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ अशी गणना होते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला करावी लागली. हा अनुशेष कोणत्या रकान्यात बसवावयाचा?

२०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून उभ्या राहिलेल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनामागे कोरडवाहू शेतीची दैना आहे, हे नाकारता येत नाही. तिची अभिव्यक्ती मात्र कापूस-सोयाबीनच्या भावाच्या वा पाण्याच्या भाषेत न होता जातीच्या दाखल्याच्या भाषेत झाली. ज्या निजामी राजवटीला मागासलेपणाचे मूळ मानले गेले, तिचेच गॅझेटियर २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात पुराव्याचा आधार ठरले. त्याच सुमारास मराठा व इतर मागासवर्गीय अल्पभूधारक गावोगाव परस्परांसमोर उभे ठाकले. दोघांचेही पीक त्याच अवर्षणात करपते आणि दोघांचेही कर्ज बहुधा त्याच जिल्हा बँकेत थकलेले असते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्स्थापनेची मागणी प्रत्येक मुक्तिसंग्राम दिनाला नव्याने पुढे येते. त्या मागणीपत्रांत गायरान जमिनीचा, शेतमजुराच्या मजुरीचा किंवा कोयत्याच्या उचलीचा उल्लेख अभावानेच आढळतो.