"पहिली नॉर्मल ना?"

वहिनीला सातवा महिना लागलाय. रोह्याला डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "पहिली नॉर्मल ना?" ती "हो" म्हणाली, विषय संपला. घरी आल्यावर मला म्हणाली, "नॉर्मल कसली गं! टाके घालून गेले ते सकाळपर्यंत कुणी फिरकलंच नाही." लघवी होत नव्हती, ओटीपोट तटतटलेलं, बाळ दूध ओढत नव्हतं. सांगितलं तर उत्तर, सगळ्यांनाच दुखतं. पाचव्या दिवशी ताप, टाके पिकलेले. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, पेणला झालं. दुसरं सासरी. पेणहून रोह्याला आलेल्या डिस्चार्ज कार्डावर यातलं अक्षरही नाही. आता ती म्हणते, दवाखान्यात जायचंच नाही.

अशा बाईशी नुसतं बोलून उपयोग होतो का? यावर २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला एक शोधनिबंध बराच गाजला. मेलबर्नमध्ये रोंडा स्मॉल आणि सहकाऱ्यांनी सिझेरियन, चिमटा किंवा व्हॅक्यूमने बाळंत झालेल्या १,०४१ जणी घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या प्रत्येकीशी घरी सोडण्याआधी सुईण-परिचारिका बसून बोलली: काय झालं, कसं वाटलं. सहा महिन्यांनी नैराश्य मोजलं. बोललेल्यांत १७ टक्के, न बोललेल्यांत १४. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे नैराश्य काही कमी झालं नाही.

पण त्याच निबंधात आहे की ९४ टक्के बायकांना ते बोलणं उपयोगी वाटलं! मग खोटं कोण? कुणीच नाही. प्रयोग नीट केलेला आहे, माझी तक्रार त्याच्या प्रश्नाबद्दल आहे. बोलणं एकदाच, तेही बाळंतिणीला धड बसता येत नसताना. त्या निबंधातलं मोजमाप सहा महिन्यांवर थांबलं. वहिनीची भीती वर आली ती पुन्हा दिवस गेल्यावर. आणि मुळात तिची तक्रार म्हणजे काही मनाचा आजार नाही. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, ही घडलेली गोष्ट आहे. ती नैराश्याच्या प्रश्नावलीत कुठे मावणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशी काढून वहिनीसमोर ठेवल्या. बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाल्याची नोंद हवी. पहिले २४ तास रक्तस्राव, गर्भाशय, ताप, नाडी वारंवार पाहायची. नॉर्मल असली तरी किमान २४ तास दवाखान्यात. ती वाचून गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी नाटकं करत नव्हते." (हे मोजायला अजून प्रश्नावली निघायचीय.)

आशाताईंच्या घरभेटी असतात तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वहिनीचा ताप नेमका तिसऱ्या-सातव्याच्या मधला. म्हणून या खेपेला आशाताईंचा नंबर आत्ताच दादाच्या फोनमध्ये घातलाय, ताप आला तर सातव्या दिवसाची वाट बघायची नाही.

तुमच्या घरी कुणाची दुसरी खेप असेल तर आम्ही केलं ते करून बघा. वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलं: किती तास लघवी झाली नाही, ताप कधी आला, टाके कुठे पिकले, दूध पाजायला कुणी शिकवलं नाही. रागाचं एक वाक्य होतं, ते मी खोडायला निघाले, तिने खोडू दिलं नाही. पुढच्या तपासणीला ते पान डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले आणि टाके आणि लघवीची गोष्ट कार्डावर लाल पेनाने लिहिली. वहिनी म्हणाली, "तुम्ही नॉर्मल का एवढंच विचारलंत."