लष्करी दप्तर आणि नागरिकाची साक्ष : 'उडत्या तबकड्यां'च्या नोंदींची चिकित्सा

प्रास्ताविक : २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून प्रकाशाचे तुकडे सरकताना अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत असंख्य लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे कोसळले. ते फेब्रुवारी २०२१ मधील चिनी 'लाँग मार्च ३बी' अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. कडे तपासले गेले. पाहणाऱ्यांच्या कथनाचे काय झाले, हा प्रश्न मात्र उरला. लष्करी दप्तरांची चिकित्सा याच प्रश्नापासून सुरू होते.

नोंदीचे स्वरूप : अशा दप्तरांत अमेरिकी वायुदलाचा 'प्रोजेक्ट ब्लू बुक' सर्वांत विस्तृत होय. १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ घटनांपैकी ७०१ 'अनोळखी' ठरल्या. या आकड्यांवरून उर्वरित ११,९१७ घटनांचा उलगडा झाला, असा समज होतो. वस्तुतः 'अपुरी माहिती' हा स्वतंत्र वर्ग होता आणि त्यातील घटना ७०१ मध्ये मोजल्या जात नसत. म्हणजे जे कळले नाही तेही 'अनोळखी' नसलेल्यांत जमा झाले. येथे वर्गीकरण हे केवळ वर्णन राहत नाही. ते निवाडा बनते.

या दप्तराचा हेतू सुरक्षेचा होता. 'राष्ट्राला धोका आहे काय?' हे त्यास प्रामुख्याने विचारायचे होते. साक्षीदाराने जे पाहिले ते त्याच्या शब्दांत जपणे हे त्याचे कार्यच नव्हते. १९६६ मध्ये मिशिगनमधील दृश्यांचे स्पष्टीकरण सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी 'दलदलीतील वायू' असे दिले, तेव्हा लोकांचा रोष उसळला. कारण स्पष्टीकरणापेक्षा त्यातील उपेक्षा बोचणारी होती. पुढे १९७२ च्या ग्रंथात हायनेक यांनीच या कार्यपद्धतीवर टीका केली.

प्रतिवाद : सामान्य माणसाची नजर अविश्वसनीय असते, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवर भारतीय सैनिकांनी नोंदविलेल्या शेकडो प्रकाशवस्तू शुक्र व गुरू असल्याचे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी दाखविले. प्रशिक्षित नजरही फसते. तेथे उलगडा झाला तो साक्षीदारांना मोडीत काढून नव्हे, तर त्या वस्तूंची ताऱ्यांच्या सापेक्ष गती तपासून. तात्पर्य, साक्षीदाराची प्रतिष्ठा नव्हे, नोंदीची रीत निर्णायक ठरते.

समारोप : ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने आपला तक्रार-कक्ष २००९ मध्ये संरक्षणदृष्ट्या निरुपयोगी म्हणून बंद केला. लष्कराच्या दृष्टीने ते योग्यही असेल. मग नागरिकाची साक्ष कोणी जपावी? बडनेऱ्यासारख्या गावांच्या महाविद्यालयांना हे काम अशक्य नाही. वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, कालावधी आणि पाहणाऱ्याचे स्वतःचे शब्द एवढ्या पाच रकान्यांची वही त्यास पुरेशी आहे. ती वस्तू अग्निबाण ठरो वा शुक्र, पाहणारा खोटा ठरत नाही. त्याने काय पाहिले एवढेच निश्चित होते. हा भेद न पाळणारे दप्तर अपुरेच राहते.