चाळीचा शेजार आणि भाड्याचा कायदा

मराठींतील शहरविषयक वाङ्मयाची चर्चा निघाली कीं तिची परिणति बहुधा एकाच सुस्काऱ्यांत होते: चाळ गेली आणि तिच्याबरोबर शेजारधर्मही गेला. या सुस्काऱ्यास आधार म्हणून जें पुस्तक पुढें करण्यांत येतें, तें म्हणजे पु. ल. देशपांडे यांचें ‘बटाट्याची चाळ’. १९५८ सालचें हें पुस्तक मराठी विनोदाचें भूषण आहे, याविषयीं मतभेद संभवत नाहीं. परंतु ज्या रीतीनें आपण तें वाचतों व वर्गांत शिकवितों, ती रीत मात्र मला सदोष वाटते.

त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर, राघूनाना सोमण ही मंडळी वाचकांस नव्यानें परिचित करून द्यावयास नको. त्यांचे उपास, त्यांचें भ्रमणमंडळ, त्यांचें सांस्कृतिक शिष्टमंडळ यांवर दोन-तीन पिढ्या मनमुराद हंसल्या. शेवटच्या ‘चिंतना’त हें हास्य ओसरतें व चाळीच्या गतायुष्याविषयींचा हळवेपणा त्याची जागा घेतो. आमची समीक्षा नेमकी येथें येऊन बसते आणि पदरानें डोळे पुसूं लागते. जुनीं माणसें मोठ्या मनाचीं होतीं, आतांचीं कोत्या मनाचीं झालीं, असा निष्कर्ष काढून ती मोकळी होते.

परंतु साठ बिऱ्हाडें एकत्र बांधून ठेवलीं कोणीं? मनाच्या मोठेपणानें खासच नव्हे. सामाईक गॅलरी, सामाईक नळ व सामाईक शौचकूप यांनीं तीं प्रथम एकत्र आणलीं. आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें तीं तेथेंच ठेवलीं. या कायद्यानें भाडें साधारणतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलें. भाडें वाढेना, म्हणून भाडेकरू खोली सोडीना. बापामागें मुलगा व मुलामागें नातू त्याच खोलींत राहिला. तीन पिढ्यांची ओळख ज्यास आपण म्हणतों ती अशी जमली. पण त्याच गोठलेल्या भाड्यामुळें मालकास डागडुजी परवडेनाशी झाली, जिने खचले, छतें गळूं लागलीं. आणि अखेर १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं सरकारला स्वतंत्र मंडळ स्थापावें लागलें. शेजारधर्म आणि गळतें छत हीं एकाच पोटचीं भावंडें होत. एकाचें कौतुक करावयाचें व दुसऱ्याची दखल घ्यावयाची नाहीं, हा न्याय कोणता? विनोदकारानें कायद्याचीं कलमें सांगावींत असें मी म्हणत नाहीं. समीक्षकानें मात्र कारण विचारलें पाहिजे.

कारण विचारलें कीं दुसरीही एक गोष्ट दिसूं लागते. ज्या गॅलरींतून साखरेची वाटी पुढें येते, त्याच गॅलरींतून शेजारची मुलगी घरीं किती वाजतां परतली याचीही नोंद होत असते. आपल्या हळव्या स्मरणरंजनांत वाटी असते, नोंद नसते. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ सालीं आली तेव्हां सभ्य वाचकवर्ग केवढा खवळला! आचार्य अत्र्यांसारख्या धुरंधरानेंही तिजवर शस्त्र उपसलें. माझ्या मतें त्या संतापाचें एक कारण असें, कीं ज्या नाक्यावरून सर्वांची रोजची ये-जा होती, तो नाका तेथें उभ्या राहणाऱ्या पोरांच्या तोंडून प्रथमच ऐकूं आला. पुढें १९७२ मध्यें नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नें तर शहराची अशी वस्ती कवितेंत आणली, कीं जिच्याशीं शेजार सांगण्यास बटाट्याच्या चाळींतील एकही बिऱ्हाड धजलें नसतें. तीं बिऱ्हाडें बहुतेक पांढरपेशांचीं आहेत, ही गोष्ट आम्ही इतकी गृहीत धरलेली असते कीं तिचा उल्लेखही कोणी करीत नाहीं. आणि हीं तिन्ही पुस्तकें एकाच शहराचीं आहेत! तीं शेजारीं-शेजारीं ठेवून वाचल्यावांचून मुंबईच्या शेजाराविषयीं बोलण्याचा अधिकार आपणांस पोचत नाहीं.

वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथें शंभर वर्षांपूर्वीं सरकारनें बांधलेल्या बी. डी. डी. चाळी आतां पाडून नव्यानें उभारल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागीं ५०० चौरस फुटांचें घर मिळतें; ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या दारीं जाऊन चाळ-संस्कृतीचा शोक करील अशी छाती कोणाची? उंच इमारतीची देखभाल-वर्गणी पेलेल कीं नाहीं ही त्यांची चिंता खरी आहे, आणि तिच्यावर लिहिणारा लेखक हवा. चाळीचे शोककर्ते मात्र बहुधा स्वतंत्र संडासाच्या ब्लॉकांत बसून शोक करतात.

हा विषय गोंदियांतील प्राध्यापकानें कां उकरावा, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. येथील विद्यार्थ्यास ‘बदलतें शहर’ असा निबंध घातला, तर तो ज्या चाळींत कधीं पाऊलही ठेवलें नाहीं तिच्या नांवानें गहिंवरतो. त्याचें स्वतःचें शहर त्याच्या लेखणींत उतरत नाहीं, कारण छापील पुस्तकांत तें त्याला कधीं भेटलेंच नाहीं. विदर्भाच्या बदलाचें म्हणून जें थोर नाटक आपल्याकडे आहे, तें महेश एलकुंचवारांचें ‘वाडा चिरेबंदी’. अंगणांत गंजत पडलेला तो ट्रॅक्टर कोण विसरेल? पण तो गांवचा वाडा; शहरांतील मोहल्ला नव्हे.

इंग्रजींत अर्नाल्ड बेनेट यानें हें काम आपल्या कुंभारकामाच्या गांवांसाठीं केलें. त्याच्या १९०८ मधील ‘द ओल्ड वाइव्ह्ज टेल’ या कादंबरींत एका चौकांतील कापडदुकानाची कथा आहे. ट्राम येते, गिऱ्हाइक शेजारच्या मोठ्या गांवाकडे वळतें, चौक ओस पडत जातो. शेवटीं गांवांच्या विलीनीकरणाविरुद्ध मत देण्यास बाहेर पडलेली वृद्ध कॉन्स्टन्स अंथरुणास खिळते ती उठतच नाहीं. बेनेट कोठेंही सुस्कारा टाकीत नाहीं. दुकानाचा हिशेब त्याला ठाऊक आहे, एवढेंच.

गोंदियाचा हिशेबही असाच मांडतां येईल. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत रेल्वे आली, तिच्यामागून बाजार वाढला. विसाव्या शतकाच्या आरंभीं जबलपूरकडे जाणारी ‘छोटी लाइन’ निघाली आणि स्टेशनाभोवतीं शहर दाटत गेलें. येथें शेजार जुळला तो गॅलरींत नव्हे. तो जुळला धान्याच्या गिरणीच्या भोंग्यावर, उसना तांदूळ वाळविण्याच्या फरसबंद अंगणांत, आणि मांडीवर सूप घेऊन तेंदूपत्त्याच्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या दुपारच्या बैठकींत. हजारावर मजुरी मिळे, म्हणून बोटें थांबत नसत. पण जीभ मोकळी असे. छोटी लाइन आज मोठी झाली आहे. विडी वळणाऱ्या आईची मुलगी दुपारीं दुकानांत किंवा दवाखान्यांत कामास जाते. ती बैठक मोडली तेव्हां मोहल्ल्यांत काय मोडलें व काय सुटलें, हें त्या मुलीच्या बाजूनें सांगणारी कादंबरी मला वाचावयाची आहे. तिच्या लेखकापुढें पहिली अडचण भाषेची येईल. कारण त्या सुपांभोवतीं पवारी, हिंदी व मराठी अशा तिन्ही बोली एकाच वाक्यांत नांदत असतात.