वास्तुदर्शन आणि वास्तुवाचन : वाई–मेणवलीच्या निमित्ताने

एखाद्या लहान गावातील जुने वाडे, मंदिरे व घाट पाहत हिंडणे यास आपल्याकडे अद्याप सहलीहून वेगळी प्रतिष्ठा लाभलेली नाही. त्यामुळे ग्रंथ, नाटक किंवा चित्र यांची चिकित्सा करणारे अभ्यासक या प्रकाराकडे सहसा वळत नाहीत. वस्तुतः वास्तुदर्शन हे इतिहासकथनाचेच एक रूप आहे. त्यास आरंभ असतो, क्रम असतो, नायक असतो. काय दाखवावयाचे आणि कशावरून पुढे सरकावयाचे यासंबंधी एक निवडही असते. ज्यांच्या हाती इतिहासाचा ग्रंथ क्वचितच पडतो, त्यांच्यापर्यंत इतिहास पोहोचतो तो बहुधा याच वाटेने. तेव्हा या कथनाचे गुणदोष तपासणे हे समीक्षेचे काम आहे असे मानून प्रस्तुत लेखात वाई आणि तिच्या शेजारची मेणवली यांच्या प्रचलित दर्शनाचा विचार केला आहे.

या दर्शनाचा क्रम साधारणतः ठरलेला असतो. कृष्णाकाठचा ढोल्या गणपती, लगतचे काशीविश्वेश्वराचे मंदिर, घाट. नंतर सुमारे ३ किलोमीटरांवरील मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा, त्यामागील घाट आणि तेथील प्रसिद्ध घंटा. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात : कोणी बांधले, केव्हा बांधले, किती मोठे आहे. ही उत्तरे बहुशः बरोबरच असतात. दोष माहितीत नाही. तो प्रश्नांच्या तोकडेपणात आहे.

ढोल्या गणपतीचेच उदाहरण घेऊ. हे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविले. दर्शनार्थी भव्य मूर्तीसमोर उभा राहतो, हात जोडतो व परततो. परंतु या वास्तूतील खरा विचार तिच्या पाठीमागे आहे. मंदिराची मागील भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी त्या धारेवर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, ही त्यामागील योजना. नदीशी न झगडता तिला वाट करून देणाऱ्या या भिंतीत एका अनाम कारागीरवर्गाचे कित्येक पावसाळ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. आज वरच्या अंगास धोमचे धरण झाल्यामुळे नदीचा प्रवाह पूर्वीसारखा मोकळा राहिलेला नाही. भिंतीचे काम आपोआप डोळ्यांत भरावे अशी परिस्थिती त्यामुळे उरलेली नाही, आणि म्हणूनच ते कोणी तरी समजावून सांगण्याची गरज वाढली आहे.

दात्याच्या नावाविषयीही असेच म्हणता येईल. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७५७ मधील, आनंदराव भिकाजी रास्ते यांचे. हे दोघे बंधू गोपिकाबाईंचे भाऊ आणि गोपिकाबाई या नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. म्हणजे पहिल्या मंदिराच्या वेळी मेहुणा पेशवेपदावर होता. दुसऱ्याच्या वेळी, पानिपतच्या दुसऱ्याच वर्षी, भाचा माधवराव त्या पदावर होता. एवढे सांगितले की वाईचा घाट हा धार्मिक औदार्याचा नमुना तर राहतोच, शिवाय एका सोयरिकीचा आणि तिच्याबरोबर गावात आलेल्या वैभवाचा लेखही ठरतो. 'रास्त्यांनी बांधले' या दोन शब्दांत ही सारी गुंतागुंत गडप होते.

मेणवलीस हा दोष अधिक स्पष्टपणे जाणवतो. मेणवली हे गाव १७६८ मध्ये नाना फडणविसांना इनाम मिळाले. औंधचे प्रतिनिधी भवानराव त्र्यंबक आणि साताऱ्याचे मंत्री रघुनाथ घनश्याम यांनी ते दिले. त्यानंतर वाडा, घाट व मंदिरे उभी राहिली. वाडा सहा चौकांचा आहे. प्रेक्षक एका चौकातून दुसऱ्या चौकात जातो तेव्हा त्यास खांब, तुळया, भित्तिचित्रे दिसतात; परंतु चौकांची मांडणी हीच एक सामाजिक व्यवस्था आहे, हे त्यास कोणी सांगत नाही. वाड्यात कोणी कोठवर यावयाचे याचे उत्तर चौकांच्या क्रमात असते. बाहेरच्या चौकात रयत, कारकून, जासूद, आत आप्त, त्याही आत घरच्या स्त्रिया. उंबरठा ओलांडणे ही त्या काळी अधिकाराची मोजणी होती. आज तिकीट काढून सर्व उंबरठे एका दमात ओलांडणाऱ्या प्रेक्षकाला, आपण दोनशे वर्षांपूर्वी कोणत्या चौकात थांबविले गेलो असतो, हा प्रश्न पडला, तर त्या दर्शनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

शिवाय ज्या नायकाभोवती हे सारे कथन फिरते, त्याचा कारभार चालला तो मुख्यतः पुण्यात. नानांचा मृत्यू १८०० मध्ये झाला. त्यांच्यामागे राहिलेल्या अल्पवयीन पत्नी जिऊबाई यांचे पुढील आयुष्य मात्र मेणवलीशी निगडित झाले. राज्य गेल्यावर एका विधवेने सांभाळलेले घर म्हणून या वाड्याचा इतिहास सांगता येतो आणि तो मुत्सद्द्याच्या चरित्राहून कमी उद्बोधक नाही. तथापि दर्शनात पलंग दाखवावयाचा तो नानांचा. जिऊबाईंच्या वाट्यास एखादे वाक्य आले तरी पुष्कळ.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मेणवलीचा वाडा हे नुसते निवासस्थान नव्हते. नानांच्या पत्रव्यवहाराचे एक मोठे दफ्तर तेथे होते. 'मेणवली दफ्तर' या नावाने ओळखला जाणारा तो संग्रह दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हाती आला. पारसनिसांचा संग्रह साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयात होता व १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. कागदांच्या दृष्टीने हे इष्टच झाले. वाळवी, ओल आणि वाटण्या यांतून ते वाचले. पण त्यामुळे एक विलक्षण फारकत निर्माण झाली. वाई परिसरात प्रेक्षक कागदांवाचून वाडा पाहतो. पुण्यात संशोधक वाड्यावाचून कागद वाचतो. एकाच्या पदरी नक्षी पडते, दुसऱ्याच्या पदरी मजकूर. ज्या भिंतींच्या आत हा मजकूर सांभाळला गेला, त्यांचा आणि त्याचा संबंध दोघांनाही पारखा होतो. संशोधकवर्गाने प्रेक्षकास दोष देण्यापूर्वी आपल्या वाट्याचा हा अर्धेपणा ध्यानात घ्यावा. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो वाईस सापडलेल्या कागदांच्या बळावर. त्या पिढीला कागदासाठी घरोघर जावे लागे. त्यामुळे घर आणि कागद यांची ओळख तिला एकदमच होई. आपल्याला कागद अभिलेखागारात बसल्या जागी मिळतो, आणि घर पाहण्याचे कारण उरत नाही.

घाटावरील घंटेचे कथन या फारकतीचा उत्तम नमुना आहे. पंचधातूच्या या घंटेवर मेरी व बाल येशू यांची आकृती असून १७०७ हे वर्ष अंकित आहे. 'चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि ही घंटा आणली,' एवढ्यावर कथन संपते. वसईचा विजय १७३९ मधील. चिमाजी आप्पा १७४० मध्ये निवर्तले. नानांचा जन्म १७४२ मधील. आणि मेणवली इनाम मिळाली १७६८ मध्ये. वसई व मेणवली यांमध्ये निदान एकोणतीस वर्षे उभी आहेत. दर्शनाचे कथन ही वर्षे एका वाक्यात गिळते. चर्चच्या घंटेने देवळाच्या घाटावर येणे ही विजयाची खूण खरीच; पण एका पिढीने जिंकलेली वस्तू दुसऱ्या पिढीच्या हाती कोणत्या नात्याने जाते, आणि परधर्मीयांची मूर्ती अंगावर तशीच ठेवून ती आपल्या पूजेत कशी सामावते, हे प्रश्न विजयाहून अधिक खोल आहेत. त्यांसाठी घंटेसमोर दोन मिनिटे अधिक थांबावे लागेल, इतकेच.

अलीकडे या दर्शनात चित्रपटाची भर पडली आहे. २००४ मधील 'स्वदेस' या चित्रपटात मेणवलीने एका काल्पनिक खेड्याची भूमिका केली. तेव्हापासून अनेकजण वाडा पाहावयास येतात ते त्या चित्रपटाचे स्थळ म्हणून. यावर नाक मुरडणे अनुचित होय. चित्रपटाने लोकांची पावले या गावाकडे वळविली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु वास्तू जेव्हा दुसऱ्याच एका कथेची पार्श्वभूमी म्हणून पाहिली जाते, तेव्हा तिची स्वतःची कथा ऐकण्याची अपेक्षाच मावळते.

सहलीस आलेल्या माणसावर संशोधनाचे ओझे का लादावे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप निराधार नाही. तथापि प्रश्न माहितीचा भार वाढविण्याचा नसून दृष्टी बदलण्याचा आहे. मंदिराच्या पुढून मागे जाणे, चौकांचा क्रम सांगणे, दोन सनांमधील अंतर मोजून दाखविणे, यांत ओझे कोणते? उलट, ज्याला विचारावयाचा प्रश्न मिळाला तो प्रेक्षक अधिक आनंदाने पाहतो.

या चिकित्सेचे महत्त्व केवळ रसास्वादापुरते नाही. आपण जे दाखवितो तेच जतन करण्याजोगे मानतो. दर्शनाचा निकष प्रसिद्ध नायक आणि भव्य आकार हाच राहिला, तर ज्या वाड्यास नाना फडणवीस नाहीत तो वाटण्यांत चिरला गेला, त्याचे सागवान विकले गेले, तरी कोणास खंत वाटणार नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेची परंपरा पाहा. 'धर्मकोशा'चा पहिला खंड १९३७ मध्ये निघाला तो याच गावातून. १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचेही हेच गाव. एवढी विद्या ज्या साध्या इमारतींत घडली, त्यांच्यापुढे सहलीची गाडी थांबत नाही, कारण तेथे दाखविण्याजोगी घंटा नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे. एखादा वाडा निवडून त्याचा मापांसह नकाशा काढावा. त्या घराण्याचे उपलब्ध कागद त्या नकाशाशेजारी ठेवून वाचावेत. कोणता दस्तऐवज कोणत्या चौकाविषयी बोलतो ते नोंदवावे. मेणवलीपासून आरंभ करावयास हरकत नाही, कारण तेथे वाडा उभा आहे आणि दफ्तरही सुरक्षित आहे. लहान गावांतील बहुसंख्य वाड्यांच्या बाबतीत या दोहोंपैकी एकच, किंवा एकही, शिल्लक राहण्याची वेळ दूर नाही.