यंत्र वाजले, पण मज्जातंतू वाचला का?

गुदाशयाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जातंतूंचे काम तपासणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात एक वाक्य हमखास आढळते: यंत्राने होकार दिला, म्हणजे मज्जातंतू वाचला. या वाक्याला आमची हरकत आहे. तंत्र निरुपयोगी आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. परंतु विजेचा झटका कोठे दिला आणि उत्तर कोणी दिले हे न सांगता केलेले कौतुक वाचकाची दिशाभूल करते.

आधी जागा पाहू. कमरेच्या हाडांच्या वाटीत मूत्राशय, गुदाशय आणि जननेंद्रिये दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांना चालवणारे स्वायत्त मज्जातंतू पुस्तकातील चित्रांतल्यासारख्या ठळक पिवळ्या तारा नसतात. ते बारीक जाळ्यासारखे पसरलेले असून चरबीत व रक्तवाहिन्यांच्या संगतीत लपलेले असतात. प्रोस्टेटला लागून जाणाऱ्या तंतूंची नेमकी वाट शल्यचिकित्सकांना दीर्घकाळ ठाऊकच नव्हती. १९८१ मध्ये अमेरिकेचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधील लायडन येथे गेले. तेथे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांनी मृत जन्मलेल्या अर्भकाच्या विच्छेदनात हे तंतू मोकळे करून दाखवले. प्रौढांच्या जतन केलेल्या शवांत चरबी विरघळलेली आणि अवयव दबलेले असतात, त्यामुळे ही वाट तेथे हरवत असे. पुढच्याच वर्षी वॉल्श यांनी हे तंतू जाणीवपूर्वक राखून शस्त्रक्रिया केली. त्यात कोणतेही यंत्र नव्हते, हे यंत्राचे गोडवे गाणारे सहसा विसरतात.

आता यंत्राकडे वळू. शल्यचिकित्सक एका सळईने मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके देतो. मूत्राशयातला दाब वाढतो का, गुदद्वाराच्या आतल्या वलयाकार स्नायूत विद्युत हालचाल होते का, हे पडद्यावर पाहिले जाते. येथे गॅल्व्हानीचा बेडूक आठवावा. त्याचा पाय धडापासून तोडलेला होता, तरीही मज्जातंतूला उत्तेजन मिळताच तो उडाला. तुटलेल्या मज्जातंतूचा स्नायूकडचा भाग काही दिवस उत्तेजनाला दाद देत राहतो. म्हणजे कापलेल्या जागेच्या पुढे झटका दिला तर यंत्र खुशाल होकार देईल, आणि रुग्णाला मात्र लघवीसाठी नळी लावावी लागेल! झटका शस्त्रक्रियेच्या जागेच्या मागे, पाठीच्या कण्याकडच्या बाजूस दिला तरच मधली वाट शाबूत असल्याचे कळते. गळ्यातील थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत याच कारणासाठी स्वरयंत्राच्या मज्जातंतूची परीक्षा वर व्हेगस मज्जातंतूपासून घेतली जाते. तेथे उत्तर ऐच्छिक स्नायूकडून येते आणि ते चटकन व स्पष्ट असते. ओटीपोटात अनैच्छिक स्नायू आणि आवरण नसलेले बारीक तंतू यांच्याशी गाठ असते. अशा तंतूंतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने जातो, तर हातापायांच्या जाड तंतूंत हाच वेग पन्नास मीटरहून अधिक असू शकतो. मूत्राशयाचा दाब तर सावकाशच चढतो. घाईने पाहणाऱ्याला तो दिसणारही नाही.

उलट चूकही होते. ताण पडून मज्जातंतू नुसता बधिर झाला तर संकेत नाहीसा होतो, पण काही आठवड्यांनी काम पूर्ववत सुरू होऊ शकते. म्हणजे यंत्राचा नकार हाही अखेरचा निकाल नव्हे.

अशा यंत्राची खरी परीक्षा रुग्णाच्या पुढच्या आयुष्यात व्हायला हवी. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी कॅव्हरमॅप नावाचे यंत्र आले, तेव्हा कॅनडाचे लॉरेन्स क्लॉट्झ व सहकाऱ्यांनी ६१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून तुलना केली. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. झोपेत लिंगाला येणारा ताठरपणा उपकरणाने मोजला, तेव्हा वर्षभरानंतर यंत्र वापरलेला गट सरस ठरला. मात्र रुग्णांना विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. पुढे अनुभवी शल्यचिकित्सकांनी तेच यंत्र तपासले, तेव्हा मज्जातंतू नसलेल्या जागीही ते बरेचदा होकार देत असल्याचे आढळले. शेजारच्या तंतूंपर्यंत वीज पसरली तरी असे होऊ शकते. पहिला निकालच तेवढा सांगायचा आणि दुसरा गाळायचा, हा प्रकार आम्हाला विज्ञानाच्या नावाखाली केलेली जाहिरात वाटते.

गुदाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी जर्मनीत, विशेषतः माइन्झ येथे, पुढे जे काम झाले ते आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. तेथे मूत्राशय आणि गुदद्वाराचा स्नायू अशा दोन साक्षीदारांना एकदम विचारले जाते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर लघवी नीट होते का, ती रोखता येते का, रात्री किती वेळा उठावे लागते, हे रुग्णालाच विचारून त्याची नोंद ठेवली जाते.